आधी सातबारा, मग पीपीए

धाराशिव जिल्ह्यात पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा तर साधारण वीस एकर, म्हणजे आठ हेक्टर जमीन लागते. आपल्याकडची खाती बघता त्यात सहा-सात गट आणि वीस-पंचवीस खातेदार सहज निघतात. वीज खरेदी कराराचा, म्हणजे पीपीएचा मसुदा निविदेसोबतच येतो आणि त्यातला स्वल्पविरामही सहसा हलवता येत नाही. सौदा अडतो तो या वीस-पंचवीस जणांच्या सातबाऱ्यांवर. म्हणून ऊर्जा आणि पायाभूत सुविधांच्या वकिलीत येऊ पाहणाऱ्यांना मी आधी पीपीए वाचा असं सांगत नाही. आधी सातबारा वाचायला शिका. दीडशे पानांचा इंग्रजी करार वाचणारे मुंबईत आणि दिल्लीत पुष्कळ मिळतील. १९५८ सालच्या फेरफारातली, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीतली बोरूची अक्षरं लावून त्यांचा कायदेशीर अर्थ सांगणारे फार थोडे आहेत, आणि हे काम मराठी येणाऱ्याकडेच येतं.

समजा, गट नंबर २१२, क्षेत्र १ हेक्टर ६० आर, भोगवटादार वर्ग १, म्हणजे हस्तांतरावर शासनाचं बंधन नसलेली. नाव एकाचंच, पण त्यापुढे ‘ए.कु.क.’ लिहिलंय. एकत्र कुटुंब कर्ता. म्हणजे कागदावर मालक एक, प्रत्यक्षात त्याचे भाऊ, बहिणी, पुतणे सगळेच हिस्सेदार असू शकतात. एकट्या कर्त्याची सही घेऊन २९ वर्षांचा भाडेपट्टा केला, तर उद्या एखादा हिस्सेदार दिवाणी न्यायालयात जाऊन ‘ही कुटुंबाची गरज नव्हती’ म्हणू शकतो. दुसरा धोक्याचा शब्द ‘अ.पा.क.’: अज्ञान पालन कर्ता. अज्ञान मुलाची मिळकत नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली किंवा लांब मुदतीने भाड्याने दिली, तर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. या तीन अक्षरांचं इंग्रजी भाषांतर करताना दिल्लीच्या टायटल रिपोर्टात, म्हणजे मालकी तपासणीच्या अहवालात ते चक्क आडनाव म्हणून छापलं जाऊ शकतं. भाषांतरकाराला दोष देण्यात अर्थ नाही, मूळ उतारा ज्याला कळतो त्याने तो तपासायला हवा होता.

मग नावापुढचे फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकाचा गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीचा उतारा काढायचा आणि मागे मागे जायचं. बँका तीस वर्षांचा शोध मागतात. माझं मत असं की कुळकायद्याच्या नोंदी बघायच्या असतील तर पन्नासच्या दशकापर्यंत गेल्याशिवाय रिपोर्टावर सही करू नये. फेरफारांत सगळ्यात जास्त सापडणारी भानगड म्हणजे बहिणींची नावं. वडील वारले, वारस म्हणून तीन भाऊ आणि दोन बहिणी लागल्या, आणि पुढच्याच फेरफाराने ‘वर्दीवरून’ बहिणींनी हक्क सोडल्याची नोंद झाली. तलाठ्याकडे दिलेल्या वर्दीने स्थावरातला हक्क जात नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. पण ती विरुद्ध सिद्ध करायला बहिणीला फार कष्ट पडत नाहीत. हिंदू वारसा कायद्याची २००५ची दुरुस्ती आणि त्यावरचा विनीता शर्मा प्रकरणातला २०२०चा निकाल आल्यापासून मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्मतःच धरला जातो. उपाय सोपा आहे: बहिणींना शोधा, त्यांना भाडेपट्ट्यात संमती देणार म्हणून घ्या किंवा आता नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. प्रकल्पाचे खांब उभे राहिल्यावर त्याच सहीची किंमत वेगळी असते.

‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे हस्तांतरावर शासनाचं बंधन असलेली जमीन दिसली की पुढचं वाचणं थांबवून आधी कारण शोधायचं. शासनाने दिलेली जमीन, पुनर्वसनातली, सीलिंगची, वतन-इनामाची, की कुळाला मिळालेली? प्रत्येकीचा रस्ता वेगळा. पश्चिम महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ३२-एमचं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालेली जमीन कलम ४३च्या बंधनात असते. २०१४च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरून पूर्वपरवानगीतून सुटका होते. आकार पाच रुपये असेल तर भरायचे दोनशे रुपये. या दोनशे रुपयांची पावती आणि त्यावरचा फेरफार नाही म्हणून कर्जाचा कोट्यवधींचा हप्ता थांबू शकतो, कारण बँकेच्या वकिलाला रकमेशी देणंघेणं नसतं, त्याला कागद हवा असतो.

इथे एक चूक पुण्या-मुंबईतले वकील हमखास करतात. १९४८चा कुळकायदा सगळ्या महाराष्ट्राला लावतात. मराठवाड्यात १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे, विदर्भात १९५८चा वेगळा. सौर प्रकल्पांचा बराच जोर मराठवाड्यात आहे, तेव्हा ३८-ईचं (संरक्षित कुळाला मालकी मिळाल्याचं) प्रमाणपत्र म्हणजे काय, मदतमाश आणि खिदमतमाश यांत फरक काय, हे माहीत नसेल तर रिपोर्ट लिहूच नये. मदतमाश ही माणसाच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन; खिदमतमाश ही देवस्थानाच्या किंवा धर्मस्थळाच्या सेवेची जमीन, तिला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. आदिवासी खातेदार असेल तर संहितेचं कलम ३६-अ: बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आणि शासनाची पूर्वमंजुरी. ‘नंतर घेऊ’ हा पर्याय तिथे नाही. शेतकरी नसलेल्या कंपनीला शेतजमीन देण्यावरची बंदी वेगळी. १९४८च्या कायद्यात त्यासाठी कलम ६३-१अची वाट आहे आणि तिथल्या खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराच्या व्याख्येत वीजप्रकल्प येतो, पण जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते आधी बघायचं.

‘इतर हक्क’ या रकान्यात विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा असतोच. कर्ज फिटलेलं असतं, बोजा राहिलेला असतो. बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घ्या आणि बोजा कमी केल्याचा फेरफार होईपर्यंत पाठपुरावा करा. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण सजावर गेल्यावर तलाठीच म्हणायचं.) भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा घ्या, कारण सातबाऱ्यावरचे १ हेक्टर ६० आर जागेवर १ हेक्टर ४८ भरतात आणि पॅनेलची मांडणी कागदावरच्या आकड्यावर झालेली असते. आणि वहिवाटीचा रस्ता. कुंपण घातल्यावर मागच्या शेतकऱ्याची बैलगाडी अडली, की तो तहसीलदारांकडे १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली अर्ज करतो आणि अडथळा काढायचा आदेश होतो. हा रस्ता बहुतेक वेळा ना सातबाऱ्यावर दिसतो, ना इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणीकृत दस्ताच्या गोषवाऱ्यात. त्यासाठी जागेवरच जावं लागतं, तेही शक्यतो पेरणीच्या दिवसांत, कारण तेव्हा कोण कुठून जातं ते दिसतं.

भाडेपट्टा २९ वर्षांचाच का असतो, हा प्रश्न प्रत्येक शिकाऊ वकील विचारतो. उत्तर मुद्रांक शुल्कात आहे. महाराष्ट्रात दहा वर्षांवरच्या आणि २९ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर शुल्क आकारतात, २९च्या पुढे गेलात की ९० टक्क्यांवर. पीपीए २५ वर्षांचा, आधी उभारणीची वर्ष-दोन वर्षं, शेवटी सामान काढून जमीन परत द्यायची मुदत. सगळं २९मध्ये बसतं. पण ‘परस्पर संमतीने आणखी दहा वर्षं वाढवता येईल’ असं एक वाक्य सवयीने आत टाकलंत, तर नूतनीकरणाची मुदतही मोजली जाते आणि वाचवलेलं शुल्क गेलं. दुसऱ्या राज्याचा नमुना उचलून आणल्याने हे होतं.

भाड्याचा हिशेब शेतकऱ्याला समोर बसवून करावा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ असा आधार ठरलेला आहे. आठ हेक्टरांना पहिल्या वर्षी दहा लाख, पंचविसाव्या वर्षी चक्रवाढीने वीस लाखांच्या थोडं वर, पण मूळ रकमेवरच्या वाढीने सतरा लाख वीस हजार. वाढ चक्रवाढ आहे की मूळ रकमेवर, हे शब्दांत लिहा आणि सोबत वर्षावार तक्ता जोडा. तक्ता जोडलेल्या भाडेपट्ट्यावर वाद कमी होतात. शिवाय भाडेहक्क बँकेकडे गहाण ठेवायची मुभा, विजेच्या खांबांसाठी वहिवाट, विहिरीचं पाणी कोणाचं, आणि उभारणीच्या काळात भाडं सुरू होतं की नाही, या चार गोष्टी सुटल्या तर पुढे दुरुस्तीपत्र करत बसावं लागतं. पुन्हा तीच वीस माणसं, पुन्हा दुय्यम निबंधकांकडची रांग, आणि दरम्यान त्यांतले एक-दोघे वारलेले.

आता पीपीए. मसुदा बदलता येत नाही, मग वकिलाचं काम काय? बोली लावण्याआधी जोखीम वाचून आकड्यात सांगणं, आणि नंतर तारखा सांभाळणं. ‘कायद्यातील बदल’ हे कलम घ्या. सौर साहित्यावरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२१पासून ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला. उभारणीच्या एकत्रित कंत्राटात ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के. आधीचा बोजा ३.५ अधिक ५.४, म्हणजे ८.९ टक्के. नंतरचा ८.४ अधिक ५.४, म्हणजे १३.८. फरक ४.९ टक्के. दोनशे कोटींच्या कंत्राटावर ९ कोटी ८० लाख रुपये. हा पैसा मिळणार की नाही ते एका तारखेवर ठरतं: करारातली निर्धारित तारीख बदलाच्या आधीची आहे का? ती बोली सादर करण्याची अंतिम तारीख असू शकते किंवा तिच्या सात दिवस आधीची. वकिलाने पहिल्या दिवशी ही तारीख फाइलच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. सप्टेंबर २०२५मध्ये दर पुन्हा ५ टक्क्यांवर आला आहे आणि कलम दोन्ही बाजूंनी कापतं: बचत झाली तर ती वीज घेणाऱ्याची.

तारीख बरोबर असली तरी दावे कशावर पडतात, तर पुराव्यावर. असे दावे ऐकणारा वीज नियामक आयोग एकास एक मेळ मागतो: हा प्रकल्प, हा पुरवठा, हे बीजक, हा कर भरल्याचा कागद. एकाच समूहाच्या तीन प्रकल्पांसाठी मॉड्यूल, म्हणजे पॅनेल एकत्र मागवली आणि बीजकावर प्रकल्पाचं नाव नाही, तर सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लंगडं पडतं. म्हणून खरेदी विभागाला आधीच दोन ओळींचं पत्र द्या की प्रत्येक बीजकावर प्रकल्पाचं नाव आणि ठिकाण हवं. दोन ओळींच्या या पत्राचा उपयोग पुढच्या चाळीस पानी अर्जापेक्षा जास्त होतो. व्याजाचंही तसंच. जादा कर भरल्यापासून भरपाई मिळेपर्यंतचं व्याज मागायचं तर करारात ‘बदल झालाच नसता तर जी आर्थिक स्थिती असती ती पूर्ववत करावी’ असं तत्त्व आहे का ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये हरियाणाच्या वितरण कंपन्या आणि अदानी पॉवर यांच्या प्रकरणात असं व्याज मान्य केलं ते याच आधारावर.

दैवी आपत्तीचं, म्हणजे ‘फोर्स मेज्योर’चं कलम लोक फार भावनेने वाचतात. महाग पडलं म्हणजे आपत्ती होत नाही. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे भाव बाजाराला बांधले तेव्हा मुंद्र्याच्या वीजकेंद्रांचं गणित कोलमडलं. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७च्या एनर्जी वॉचडॉग निकालात सांगितलं की परदेशातल्या कायद्याने इंधन महागणं ही आपत्तीही नाही आणि कायद्यातला बदलही नाही. भारतातल्या कोळसा धोरणातला बदल मात्र कायद्यातला बदल धरला. दर स्वतः बोलीत लावलात, तर ती जोखीम तुमची. खरी आपत्ती आली तरी नोटिशीची मुदत मोजून ठेवावी, अनेक करारांत ती माहिती झाल्यापासून सात दिवसांची आहे. करोनाच्या वेळी केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने २५ मार्च ते २४ ऑगस्ट २०२० अशी पाच महिन्यांची सरसकट मुदतवाढ दिली म्हणून बरेच जण वाचले. असं दर वेळी होत नाही.

कॅप्टिव्ह, म्हणजे कारखान्यांनी स्वतःच्या वापरासाठी उभारलेला प्रकल्प हा वेगळाच उद्योग आहे. कारखान्यांनी मिळून प्रकल्प-कंपनीत किमान २६ टक्के मतदानाचे भाग घ्यायचे आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के वापरायची. शिवाय प्रत्येकाचा वापर त्याच्या भागांच्या प्रमाणात हवा, फार तर १० टक्के इकडेतिकडे. हे जमलं तर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे बाहेरून वीज घेतल्यावर वितरण कंपनीला द्यावा लागणारा आकार लागत नाही. अतिरिक्त अधिभारही नाही, हे महावितरण आणि जेएसडब्ल्यू स्टील यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये ठरवलं. करारात चूक कुठे होते? पाच कारखान्यांपैकी एक मंदीत चार महिने बंद पडतो, त्याचा वापर घटतो, प्रमाण बिघडतं आणि वर्षाअखेरीच्या पडताळणीत सगळ्यांचाच दर्जा धोक्यात येतो. म्हणून भागधारक करारात तीन गोष्टी लागतात: दर तिमाहीला वापराचा आढावा, प्रमाण बिघडताना भाग हस्तांतरित करायची सक्ती, आणि अधिभार बसला तर तो कोणी भरायचा. तिसरी लिहायला सगळे लाजतात, कारण सही करताना सगळे मित्र असतात.

कर्जाच्या बाजूचं काम नीरस वाटतं, पण शिस्त तिथेच लागते. पहिला हप्ता सुटण्याआधी सत्तर-ऐंशी अटींची यादी पूर्ण करायची. गहाणखत झालं की कंपनी निबंधकांकडे बोजा नोंदवायचा सीएचजी-१ फॉर्म तीस दिवसांत. नोंद राहिली तर दिवाळखोरीत अवसायक (लिक्विडेटर) तो बोजा मोजतच नाही. महाराष्ट्रात हक्काची कागदपत्रं ठेवून गहाण केलं असेल, तर दुय्यम निबंधकांकडे सूचनापत्रही तीस दिवसांत. या दोन तीसच्या तारखा वेगवेगळ्या टेबलांवरच्या माणसांकडे असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

दाभोळचा उल्लेख टाळता येत नाही. डिसेंबर १९९३चा एनरॉनचा करार, एकूण दोन हजार मेगावॅटच्या वर, डॉलरशी बांधलेला दर, आणि वीज उचलली नाही तरी द्यायचा क्षमता आकार. मागे राज्याची हमी, तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी. १९९५मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, १९९६मध्ये पुन्हा झाला. मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. राजकारण बाजूला ठेवून वकिलाने यातलं एक बघावं. वीजकेंद्र थंड स्थितीतून तीन तासांत पूर्ण क्षमतेवर आलं नाही, या मुद्द्यावर मंडळाने ४०१ कोटींचा दंड लावला. हमी आणि प्रतिहमीच्या एवढ्या डोलाऱ्यात शेवटी शस्त्र ठरलं ते तांत्रिक परिशिष्टातलं एक कलम. परिशिष्टं अभियंत्यांवर सोडून देणाऱ्या वकिलांनी हे लक्षात ठेवावं. वाद राज्य वीज नियामक आयोगाने ऐकायचा की लंडनच्या लवादाने, यावरही मुंबई उच्च न्यायालयात लढाई झाली. तो प्रश्न आता बराच सुटलाय. २००३च्या वीज कायद्याचं कलम ८६(१)(फ) आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा एस्सार निकाल पाहता, परवानाधारक आणि उत्पादक यांच्यातला वाद आयोगाकडेच जातो, करारात लवादाचं कलम असलं तरी. मग आयोग हवं तर लवाद नेमतो. अपील ४५ दिवसांत दिल्लीच्या अपीलीय न्यायाधिकरणाकडे. गोव्याचं प्रकरण असेल तर आयोगच वेगळा, केंद्रशासित प्रदेशांसोबतचा संयुक्त.

करिअरचं म्हणाल तर वाटा चार: मोठ्या फर्मचा प्रकल्प विभाग, विकासक कंपनी, बँक, आणि आयोगापुढची वकिली. पगारी नोकरीत जाताना महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद तहकूब करायला विसरू नका, नंतर परत वकिलीत येताना हा मुद्दा निघतो. पहिली दोन वर्षं जमिनीचं काम नाकारू नका. तिसऱ्या वर्षी एखाद्या थकबाकीच्या प्रकरणात बसा: विलंब अधिभाराचा २०२२चा नियम, स्टेट बँकेचा एक वर्षाचा एमसीएलआर (कर्जाच्या व्याजाचा किमान आधारदर) अधिक पाच टक्के, दर महिन्याला अर्धा टक्का वाढ, वाढ जास्तीत जास्त तीन टक्के. हे एक्सेलमध्ये स्वतः करून बघा, लेखा विभागाकडून आयतं घेऊ नका. आणि मुदतीचा कायदा आयोगापुढच्या पैशांच्या दाव्यालाही लागतो, हे लॅन्को कोंडापल्ली प्रकरणात २०१५मध्ये ठरलंय. वितरण कंपनीशी संबंध बिघडू नयेत म्हणून विकासक गोड पत्रं लिहीत बसतात आणि जुन्या बिलांची तीन वर्षं निघून जातात. दर मार्चला प्रत्येक अशिलाच्या थकीत बिलांची यादी मागवा, तीन वर्षांकडे झुकलेली बिलं लाल करा आणि समोरच्याकडून थकबाकी मान्य केल्याचं सहीचं पत्र घ्या. मुदत संपायच्या आत.